नकाशातलं आठवं ठिकाण

"आत्या, हात पूस आणि आधी हे बघ," म्हणत लाट्रिस मागच्या दाराने आत आली, तेव्हा वॅश्टी गिलियर्ड जेवणातल्या मऊ बिस्किटांसाठी ताकात भिजवलेलं पीठ ओट्यावर थापत होती. लाट्रिसच्या गुडघ्यांना लाल माती लागली होती, केसांत सीडरच्या झाडाची बारीक काडी अडकली होती, आणि चेहरा असा उजळला होता की वॅश्टीला आपल्या भावाची, लाट्रिसच्या बापाची, आठवण झाली. शाळेत बक्षीस मिळालं की तो असाच धावत यायचा.

"हात पिठात आहेत. तूच धर," वॅश्टी म्हणाली.

लाट्रिसने फोन तिच्या डोळ्यांसमोर धरला. चर्चच्या मागची दफनभूमी होती ती. गवत एकसारखं कापलेलं, कुंपणाच्या वेली काढलेल्या, पुढच्या ओळींतले दगड धुऊन पांढरे केलेले.

"ओळखू येतंय का? सकाळी सहाला लागलो आम्ही अकरा जण. मग यंत्रवाला आला, दोन तासांत सगळं सपाट करून गेला. एखाद्या बागेसारखं झालंय की नाही?"

वॅश्टी पुढचे दगड बघत नव्हती. तिची नजर सीडरच्या पलीकडे, मागच्या बाजूला गेली होती. तिथे एकही दगड कधीच नव्हता. आता तिथे काहीच नव्हतं. नुसतं हिरवं गवत.

"आणि तिथली भांडी?"

"ते फुटके कप आणि बाटल्या होय? सगळं उचललं. सात पिशव्या भरल्या, आत्या. काचा काय, बंद पडलेलं घड्याळ काय, एक कंदील तर जवळजवळ अख्खा मिळाला. उद्या पाहुणे उघड्या चपला घालून येणार. कुणाच्या पायात काच गेली तर बोलणी आपल्यालाच बसतील."

वॅश्टीने पिठावर ओलं फडकं टाकलं. पिशव्या कुठे आहेत, एवढंच तिने विचारलं. चर्चच्या शेडमध्ये आहेत, कचऱ्याची गाडी सोमवारी येते, असं लाट्रिस म्हणाली. त्यांना आता कुणी हात लावू नका, असं वॅश्टी इतक्या हळू म्हणाली की लाट्रिसला पुन्हा विचारावं लागलं.

शुक्रवार होता. बुधवारी आणि शुक्रवारी सूर्य मावळेपर्यंत वॅश्टी पाण्याशिवाय काही घेत नसे. तेहतीस वर्षांचा नेम होता तो, आणि खानावळीत रांधणाऱ्या बाईने हा नेम धरावा याचं गावाला सुरुवातीला हसू आलं होतं. त्या दोन दिवशी ती चव न घेता हाताच्या अंदाजाने मीठ घाली, आणि शुक्रवारच्या घेवड्याला जी गोडी असते ती इतर दिवशी नसते, असं गिऱ्हाइकं म्हणत. ती म्हणायची, त्या दिवशी चव माझ्या जिभेवर नाही, परमेश्वराच्या जिभेवर असते. हे ती मिरवून म्हणत नसे. कुणी विचारलं तरच म्हणे.

आज मात्र दुपारच्या गर्दीत तिने दोनदा मीठ घातलं की एकदाही नाही, हे तिचं तिलाच कळलं नाही.

टार्व्हर्स क्रॉसिंग हे पूर्वी रेल्वेचं छोटं गाव होतं. आता ऑगस्टा शहर पसरत पसरत त्याच्या दाराशी आलं होतं, आणि गाव शहराचं दक्षिणेकडचं उपनगर झालं होतं. दोन वर्षांपूर्वी नगर कार्यालयाने नकाशा छापला, गावातली बघण्यासारखी आणि खाण्यासारखी ठिकाणं. पहिलं जुनं स्टेशन. दुसरं नदीकाठची उकडलेल्या शेंगांची टपरी. चौथं टार्व्हरांचं उंच खांबांचं घर, सातवं वॅश्टीची खानावळ, जिथे एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या पानात घ्यायच्या आणि वर साखर घातलेला थंडगार चहा प्यायचा. खानावळ नकाशात आली तेव्हा चर्चमध्ये टाळ्या वाजल्या. वॅश्टीला मात्र नकाशातल्या सातव्या आकड्याच्या शेजारची कोरी जागा दिसत राहिली. खानावळीतून निघून शंभर पावलांवर दफनभूमी होती. टार्व्हरांच्या शेतात राबलेली, त्यांच्या स्वयंपाकघरात उभं आयुष्य काढलेली माणसं तिथे होती. पुढच्या ओळींना दगड होते. मागच्या एकोणीस जणांना दगड परवडला नव्हता. त्यांना होती ती भांडी.

माणूस गेला की त्याने शेवटचं हाताळलेलं भांडं त्याच्या कबरीवर ठेवायचं. ठेवण्याआधी फोडायचं. म्हणजे घरातलं दुसरं माणूस पाठोपाठ जात नाही, आणि गेलेल्याला आपल्या कपासाठी परत घरी यावं लागत नाही. एकदा ठेवलं की त्याला कुणी हात लावायचा नाही, वाऱ्याने कलंडलं तरी नाही. वॅश्टीच्या आजीने तिला हे सांगितलं होतं, आणि पुढे सांगण्यासारखं मूल वॅश्टीला झालं नव्हतं.

तिने दीड वर्ष नगर कार्यालयाचे उंबरे झिजवले. तेव्हा कुठे ठिकाणांची मांडणी बघणाऱ्या मार्लीन हॅस्केलबाईंनी दफनभूमी आठवं ठिकाण म्हणून नकाशात घ्यायला होकार दिला. बाई मनाने चांगल्या होत्या. पंधरा दिवसांपूर्वी त्या कागद घेऊन खानावळीत आल्या, पीचचा गोड पदार्थ दोनदा घेतला, आणि गवत कापणाऱ्यांची एक अट आहे म्हणून बोट ठेवून ओळ दाखवली. जमिनीवरच्या सुट्या वस्तू आधी हलवाव्या लागतील. यंत्राच्या पात्याखाली आल्या तर इजा होते.

वॅश्टीने ती ओळ वाचली होती. तिला समजलीही होती. हलवायच्या त्या कुंपणालगतच्या बियरच्या बाटल्या, असं तिने स्वतःला सांगितलं. पण त्याच घटकेला तिच्या मनात दुसरंही एक आलं होतं, आणि ते तिला आता आठवत होतं. फुटक्या कपांकडे बघून पाहुणे काय म्हणतील, असं तिच्या मनात आलं होतं. आपल्या माणसांची गरिबी अशी उघड्यावर. तिने सही केली, आणि साफसफाईचं सगळं लाट्रिसवर सोपवलं. लाट्रिस वाढली अटलांटात. तिच्या बापाने या चालीरीतींची कायम थट्टा केली. पोरीला नीट सांगायला हवं होतं. वॅश्टी आज सांगू, उद्या सांगू करत राहिली, कारण सांगताना पोरगी हसली असती तर ते तिला सोसलं नसतं.

अडीच वाजता शेवटचं पान उठलं. खिडकीजवळच्या टेबलावर ब्रदर ओझेल बसी तेवढे राहिले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे, डोळ्यांनी जवळजवळ अधू. चर्चच्या कबरी खणण्याचं काम त्यांच्या वडिलांचं होतं, मग त्यांचं झालं. दर शुक्रवारी ते तळलेला मासा खायला येत आणि काहीतरी खोड काढल्याशिवाय उठत नसत.

"आज घेवड्यात समुद्र ओतलास की काय, पोरी?" ते म्हणाले. "परमेश्वराला तहान लागली असेल."

वॅश्टी त्यांच्या समोर बसली. गिऱ्हाइकाच्या समोर ती कधी बसत नसे. ओझेलनी काटा खाली ठेवला. तिने सगळं सांगितलं, त्या कागदावरच्या ओळीसकट, आणि आपल्या मनात काय आलं होतं तेही लपवलं नाही. ओट्याशी भांडी आवरणारी लाट्रिस ऐकत होती. तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"आत्या, तू एका शब्दानं बोलली असतीस तर..."

"बोलायला हवं होतं."

"मला वाटलं कचरा आहे. मी हसत हसत उचललं गं. फोटो काढले."

 ओझेलनी टेबलाखाली काठी चाचपली. "टार्व्हरांच्या घरात काचेच्या पेटीत एक तडा गेलेला कप आहे," ते म्हणाले. "मी तिथं छपराचं काम केलंय. कुणी जनरल म्हणे एकदा त्यातून चहा प्याला. दीडशे वर्षांत तो कप कुणी बोटभर हलवला नाही. दोरी बांधलीय सभोवती. आणि आपला ल्यूशस चाळीस वर्षं ज्या कपात दाढीचा फेस करायचा, तो पिशवीत." ते उठले. "चल. पोरीलाही घे. उजेड आहे तोवर माझे पाय चालतात."

शेडमध्ये सात काळ्या पिशव्या ओळीने उभ्या होत्या. वॅश्टीने दारातच डोळे मिटून क्षमा मागितली, मग एक चादर गवतावर पसरली आणि एकेक वस्तू बाहेर काढून ठेवायला लागली. आता हात लागलेच होते. निदान हे हात ओळखीचे होते. दाढीचा मग. निळ्या काठाची बशी. सव्वातीनला थांबलेलं घड्याळ. मुलाचं दुधाचं भांडं, ज्याचा कान गेला होता. प्रत्येक वस्तू कुणाची, हे तिला विचार न करता येत होतं. यातल्या कित्येकांना तिच्या आजीने आणि पुढे तिनेच त्यांच्या म्हातारपणी वाढलं होतं. कोण कशात प्यायचं, हे वाढणाऱ्याला ठाऊक असतं.

कोण कुठे, हे मात्र तिला सांगता येईना. उंचवटे यंत्राने दाबून टाकले होते. गवत जिथे तिथे सारखंच दिसत होतं.

ते ओझेलच्या पायांना ठाऊक होतं. सीडरच्या बुंध्याला पाठ लावून ते उभे राहिले, काठी पुढे धरली आणि चालायला लागले. "सहा पावलं. इथे डोकं, पाय पूर्वेला. हा ल्यूशस." लाट्रिस दाढीचा मग घेऊन धावली. "डावीकडे तीन. मिस कॉर्डी. खणताना मुळी लागली होती, बाबा दिवसभर शिव्या घालत होते." वॅश्टीने निळ्या काठाची बशी दिली. कधी ते थांबत, काठीने जमीन ठोकून बघत, मान हलवत आणि पाऊल मागे घेत. कधी म्हणत, "हा माझे दोन डॉलर घेऊन गेला, याला विसरेन कसा," आणि लाट्रिस रडता रडता हसे. ऊन कलत गेलं. वॅश्टीच्या तोंडाला कोरड पडली होती, पण पाण्याची बाटली तिने लाट्रिसकडे दिली आणि स्वतः गुडघ्यांवर बसून एकेक भांडं मातीत रोवत राहिली, पूर्वी होतं तसं, फुटका भाग खाली करून.

सतरा झाली.

चादरीवर दोन वस्तू उरल्या. निळी, जाड काचेची औषधाची बाटली, मानेशी फुटलेली. ती मिस टेम्पीची. आणि चार तुकडे झालेला पिवळा वाडगा. त्यात वॅश्टीची आई एर्सेल बिस्किटांचं पीठ भिजवायची.

ओझेल कुंपणाजवळ उभे होते. ते पुढे चालले नाहीत.

"इथून मला नाही सांगता येणार, पोरी."

"का?"

"त्या हिवाळ्यात मी फौजेत होतो. दोघी एका आठवड्यात गेल्या. बाबांनी खणल्या दोन्ही. इथे शेजारी शेजारी आहेत एवढं ते बोलले होते. उजवीकडे कोण, डावीकडे कोण, ते मी कधी विचारलं नाही. भांडी होती ना वर."

वॅश्टी उभी राहिली. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिला दफनाला नेलं नव्हतं. शेजारणीच्या स्वयंपाकघरात बसवून तिला रताळ्याचा तुकडा दिला होता, आणि तो तिने खाल्ला होता, याची टोचणी तिला पुढे कितीतरी वर्षं होती. पंधरा दिवसांनी आजीने तिला इथे आणलं आणि बोट दाखवलं. तो बघ आईचा वाडगा. त्यानंतर अठ्ठावन्न वर्षं ती येत राहिली. दर रविवारी प्रार्थना झाली की येई, उभी राही, बोले. तिने वाडगाच बघितला होता. त्याच्या डावीकडे काय आहे, कुंपणाचा कितवा खांब समोर येतो, हे बघायची गरज तिला एकदाही पडली नव्हती.

"आठव ना आत्या," लाट्रिस म्हणाली. "डोळे मिटून बघ. इकडून यायचीस, मग?"

तिने डोळे मिटले. पिवळा रंग दिसला. पावसात त्याच्या खोलगट तुकड्यात साचलेलं पाणी आणि पाण्यातलं एक पान. एकदा त्यात चिमणी बसली होती. आजूबाजूला काही नव्हतं.

फोटो काढले होते की, असं लाट्रिसला अचानक आठवलं. तिने घाईघाईने फोन काढला, एकामागून एक फोटो सरकवले. हसणारी तरुण मंडळी, हातमोजे, भरलेल्या पिशव्या. मागच्या कोपऱ्याचा एकच फोटो होता, आणि त्यात कोपरा आधीच मोकळा झालेला होता. तिने फोन उलटा करून गवतावर ठेवला आणि चेहरा हातांत घेतला.

वॅश्टीने तिच्या केसांतली ती सकाळची सीडरची काडी काढली. "रडू नको," ती म्हणाली. "सही माझी होती."

सूर्य झाडांच्या रेषेला टेकला होता. तिने पिवळ्या वाडग्याचे तुकडे उचलले. दोन तुकडे डावीकडे रोवले, दोन उजवीकडे. मग निळी बाटली हातात घेतली, थोडा वेळ तशीच धरली, आणि ओझेलना विचारलं, चालेल ना? ते म्हणाले, मिस टेम्पी तुझ्या आईकडे रोज साखर मागायला यायची, एकमेकींचं सामान त्यांना परकं नाही. वॅश्टीने बाटली कुंपणाच्या खांबावर आपटली. अर्धी काच एकीकडे ठेवली, अर्धी दुसरीकडे.

त्या संध्याकाळी सूर्य मावळला तरी तिने उपास सोडला नाही.

शनिवारी दुपारी बावीस पाहुणे आले. त्यांनी कोंबडी, भात आणि घेवडा खाल्ला. बिस्किटं इतकी मऊ कशी होतात म्हणून एकीने विचारलं आणि वॅश्टीने ताकाचं प्रमाण सांगितलं. मग नकाशे हातात घेऊन सगळे तिच्या मागे शंभर पावलं चालत आले. हॅस्केलबाई बरोबर होत्या. मागच्या बाजूला आल्यावर त्या जरा चपापल्या. काल सगळं साफ झालं होतं, असं त्या हलकेच म्हणाल्या. होय, झालं होतं, एवढंच वॅश्टी म्हणाली, आणि सीडरपासून सुरुवात केली. ल्यूशस. मिस कॉर्डी. एकेकाचं नाव, तो कशात प्यायचा, काय रांधायचा. तिचा आवाज मुळातच हळू, त्यामुळे लोक जवळ सरकले. कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी टोपी काढून हातात धरली.

एक पाहुणी वाकली आणि निळ्या काचेच्या दिशेने तिने हात पुढे केला. "राहू द्या, मॅम," लाट्रिस तिच्याजवळ जाऊन म्हणाली. "ते त्यांचं आहे."

पाहुणीने हात मागे घेतला, माफी मागितली. मग तिने विचारलं, "या दोघी कोण?"

"मिस टेम्पी वेदर्स," वॅश्टी म्हणाली. "आणि एर्सेल गिलियर्ड. माझी आई."

"यातली तुमची आई कुठली?"

लाट्रिस खाली बघायला लागली. वॅश्टीने ॲप्रनवरचं पीठ झटकलं. उत्तर सोपं होतं. बोट कुणीकडेही दाखवलं असतं तरी चाललं असतं.

"ते मला आता ठाऊक नाही," ती म्हणाली.

 नववं ठिकाण स्टेशनावरचं पीचचं आइसक्रीम होतं, आणि बस पाच मिनिटांत सुटणार होती. हॅस्केलबाईंनी सगळ्यांना गोळा केलं. जाताना त्या वॅश्टीच्या दंडाला हात लावून काहीतरी म्हणाल्या, ते तिला नीट ऐकू आलं नाही. ओझेल काठी टेकत फाटकापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

बसचा आवाज रस्त्यावर दूर गेला. वॅश्टी दोन कबरींच्या मधल्या अरुंद पट्ट्यात खाली बसली. लहानपणी प्रार्थनेच्या वेळी बाकावर दोन मोठ्या बायकांच्या मध्ये तिला बसवत, तेव्हा ती बसायची तशी, कोपरं अंगाशी घेऊन, गुडघे जुळवून. खानावळीत संध्याकाळचं पीठ भिजवायचं राहिलं होतं. लाट्रिसने दुरून पाहिलं, घड्याळ बघितलं, आणि तिला हाक न मारता ओट्याकडे गेली.